न्यू जर्सीहून आलेले समन्स: उत्तर द्यावे की गप्प बसावे?

पश्चिम महाराष्ट्रातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते येथे थोडक्यात देत आहे.

त्यांचे लग्न कोल्हापुरात वैदिक पद्धतीने झाले आणि त्याची रीतसर नोंदणीही झाली. पती अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीला असल्याने त्या एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, तिकडे गेल्या. मुलाचा जन्म तिकडचाच असून तो आता सहा वर्षांचा आहे. गेल्या जूनमध्ये त्या मुलाला घेऊन दोन महिन्यांसाठी माहेरी आल्या. परतीची तिकिटे काढलेली होती, पण ऑगस्टमध्ये पतीने ती परस्पर रद्द केली आणि ‘तूर्त तिकडेच राहा’ असा निरोप पाठवला. पुढे पैसे पाठवणे थांबले आणि फोनही थांबले. मुलाला त्यांनी इथल्या शाळेत घातले. मार्चमध्ये पतीने न्यू जर्सीच्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा दाखल केला असून त्यात मुलाला परत पाठवण्याची मागणी केली आहे. त्याचे समन्स पंधरा दिवसांपूर्वी ई-मेलने आणि कुरियरने आले. द्राक्षनिर्यातीच्या व्यवसायात असलेला भाऊ म्हणतो, ‘परदेशातला एकतर्फी घटस्फोट इथे चालत नाही, उत्तरच देऊ नकोस.’ ओळखीचे एक वकील म्हणतात की आधी पोलिसांत फिर्याद द्या, पासपोर्ट जप्त झाला की तो सुतासारखा सरळ येईल. सासूबाईंनी ‘ना हरकत’ असा मथळा असलेला एक कागद सहीसाठी पाठवला आहे. पत्रलेखिका विचारतात: यांपैकी कोणाचे ऐकू? मूल माझ्याकडेच राहील ना? आणि समन्सला उत्तर दिले तर मी हरले असे होईल का?

ताई, नमस्कार.

तुमचे प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत, पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते मधले एक वाक्य. तुम्ही लिहिता, ‘मला त्याच्याकडे परत जायचे नाही, पण त्याला सुटका मिळवून द्यायचीही नाही.’ ज्या माणसाने तिकीट रद्द करून तुम्हाला आणि मुलाला वाऱ्यावर सोडले, त्याच्याबद्दल असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी तुम्हाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मात्र तुमच्यासमोरचा प्रत्येक कायदेशीर निर्णय या वाक्यापाशी येऊन अडतो. विवाह कागदावर टिकवणे हे तुमचे उद्दिष्ट असेल तर मार्ग एक आहे. मूल, पोटगी आणि पुढचे मोकळे आयुष्य हे उद्दिष्ट असेल तर मार्ग दुसराच आहे. दोन्ही मार्गांवर एकाच वेळी चालता येत नाही, म्हणून आधी या दोहोंतला फरक सांगतो.

तुमच्या भावाचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ असे सांगते की परदेशी न्यायालयाचा निकाल आपल्याकडे अंतिम मानला जातो, पण काही अपवाद वगळून. त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसेल, निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल, जिथे भारतीय कायदा लागू व्हायला हवा होता तिथे तो नाकारलेला असेल, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे डावललेली असतील किंवा निकाल फसवणुकीने मिळवलेला असेल, तर तो इथे बंधनकारक ठरत नाही. विवाहाच्या बाबतीत या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकटलक्ष्मी या प्रकरणात स्पष्ट केला. ते प्रकरण तुमच्या परिस्थितीशी इतके जुळते की ते थोडे सविस्तर सांगायला हवे. १९७५ मध्ये तिरुपतीला हिंदू पद्धतीने लग्न झालेल्या पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या न्यायालयातून घटस्फोट मिळवला. विवाह दुरुस्तीपलीकडे मोडला आहे, हे कारण त्याने दिले होते आणि हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. तो त्या राज्याचा खरा रहिवासीही नव्हता. ९० दिवसांच्या वास्तव्याची अट दाखवण्यापुरते त्याने ते राज्य निवडले होते. पत्नीने भारतातूनच, निषेध नोंदवून, लेखी उत्तर पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मान्य करण्यास नकार दिला.

या निकालात पुढे तीन अपवाद दिलेले आहेत आणि घरोघरच्या चर्चेत नेमके तेच निसटतात. प्रतिवादी ज्या ठिकाणी कायम राहतो त्याच ठिकाणच्या न्यायालयात दावा असेल आणि आपल्या विवाहकायद्यातल्याच कारणावर निकाल झाला असेल, तर परदेशी घटस्फोट मान्य होऊ शकतो. प्रतिवादीने स्वखुशीने त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वीकारून, आपल्या कायद्यातल्या कारणावर दावा लढवला असेल, तरी तो मान्य होऊ शकतो. आणि प्रतिवादीने संमती दिली असेल, तर तो मान्य होतोच. सासूबाईंनी पाठवलेल्या कागदाचे मोल यावरून तुमच्या लक्षात येईल. त्याचा मथळा कितीही साधा वाटला तरी त्यावरची तुमची सही तिसऱ्या अपवादाचे दार उघडते, आणि पोटगीचा, स्त्रीधनाचा किंवा मुलाचा एक शब्दही ठरलेला नसताना उघडते. त्या कागदावर आज सही करू नका. तो फाडूनही टाकू नका. पाकिटासह जपून ठेवा.

आता भावाच्या म्हणण्यातला उरलेला अर्धा भाग. न्यू जर्सीत एक वर्ष वास्तव्य असलेल्या माणसाला तिथे घटस्फोट मागता येतो आणि सहा महिन्यांपासून असलेले न मिटणारे मतभेद एवढे कारण तिथे पुरते. तुमच्या पतीच्या दाव्यात हेच कारण असावे असे पत्रावरून वाटते. तुम्ही उत्तर दिले नाही तर तिथले न्यायालय तुमची वाट पाहत थांबणार नाही. तुमच्या गैरहजेरीची नोंद घेऊन ते एकतर्फी पुढे जाईल. त्या दिवसापासून तो न्यू जर्सीत अविवाहित असेल आणि तिथे पुन्हा लग्नही करू शकेल. तुम्ही मात्र सांगलीत, कोल्हापुरात किंवा पुण्यात त्याची पत्नीच असाल. तुम्हाला पुढे कधी दुसरा विचार करावासा वाटला, तर आधी इथल्या न्यायालयातून घटस्फोट घ्यावा लागेल. म्हणजे ज्याला सुटका द्यायची नव्हती त्याला ती मिळेल आणि अडकून पडाल ती तुम्ही. अशा एका देशात संपलेल्या आणि दुसऱ्या देशात जिवंत असलेल्या विवाहात वर्षे काढणाऱ्या स्त्रियांची पत्रे या सदराकडे येत असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना सुरुवातीला हाच सल्ला मिळालेला असतो: उत्तर देऊ नकोस.

तुमचे बंधू व्यापारात आहेत, म्हणून एक खुलासा त्यांच्यासाठीही करतो. युरोपातल्या खरेदीदाराशी करार करताना ते वाद कुठे आणि कोणत्या कायद्याने सोडवायचा, हे कलम आधीच घालून घेत असतील. लवादाचे कलम असेल तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात राबवता येतो, आणि आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यात त्यासाठी स्वतंत्र भाग आहे. विवाहाच्या बाबतीत असे कलम नसते आणि घटस्फोटाचे निकाल आपोआप ओळखणारा तसा कोणताही करार भारताला लागू नाही. त्यामुळे ‘आपल्या बाजूचे कलम भक्कम आहे, समोरचा काय करणार’ हा व्यापारातला अनुभव इथे उपयोगाचा नाही. इथे दोन्ही देशांची न्यायालये आपापल्या हद्दीत पूर्ण अधिकाराने बोलतात आणि दोघांचे म्हणणे एकाच वेळी परस्परविरोधी असू शकते.

समन्सच्या बजावणीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तिथे तुमच्या हातात एक खरा मुद्दा आहे. परदेशी न्यायालयीन कागदपत्रांच्या बजावणीसंबंधीचा १९६५ चा हेग करार भारताने स्वीकारलेला असून तो आपल्याकडे २००७ पासून लागू आहे. तो स्वीकारताना भारताने टपालाने थेट बजावणी करण्यास हरकत नोंदवली आहे. रीतसर मार्ग असा की कागद केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे यावेत आणि तिथून इथल्या जिल्हा न्यायालयामार्फत तुमच्यापर्यंत पोहोचावेत. कुरियर आणि ई-मेल हा तो मार्ग नव्हे. हा आक्षेप जरूर घ्यावा, पण तो न्यायालयासमोर लेखी घ्यावा, घरात बसून मनातल्या मनात नव्हे. अमेरिकेतील काही न्यायाधीशांनी परदेशातल्या प्रतिवादीला ई-मेलने केलेली बजावणीही चालवून घेतली आहे, त्यामुळे ‘बजावणीच चुकीची आहे’ म्हणून स्वस्थ राहणे धोक्याचे आहे. न्यू जर्सीत उत्तराची मुदत बजावणीपासून ३५ दिवसांची असते. ई-मेल ज्या दिवशी आला त्या दिवसापासून ती मोजा आणि त्या हिशेबाने हालचाल करा. अधिकारक्षेत्राचा आणि बजावणीचा आक्षेप पहिल्याच टप्प्यावर घ्यावा लागतो. तो न घेता मूळ दाव्यावर बोलायला सुरुवात केली की आक्षेप सोडून दिला असे धरले जाऊ शकते. म्हणून स्वतःहून न्यायालयाला किंवा पतीच्या वकिलाला ई-मेलने खुलासेवजा उत्तर लिहू नका. तिथला वकील नेमून, आक्षेप राखून, उत्तर द्या.

आता मुलाबद्दल. तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी भीती हीच आहे.

‘मूल लहान आहे, ते आईकडेच राहणार’ असे तुम्हाला सांगितले गेले आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. दुसऱ्या टोकाला, ‘मूल अमेरिकी नागरिक आहे, म्हणजे न्यायालय त्याला परत पाठवणारच’ असेही कोणी तरी तुमच्या मनात भरवले आहे. नागरिकत्वाने ताबा ठरत नाही. पालकाने परदेशी नेलेल्या मुलांना तातडीने परत पाठवण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे आपली न्यायालये मुलाला आपोआप परत पाठवत नाहीत. मुलाचे हित कशात आहे हे ती स्वतंत्रपणे तपासतात. मुंबईशी संबंध असलेल्या धनवंती जोशी प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले होते. तिथे आईने तान्हे बाळ अमेरिकेतून आणले होते आणि निकालाच्या वेळी ते बारा वर्षांपुढे गेलेले, इथे रुजलेले होते. २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तेच तत्त्व अधिक ठामपणे मांडले: परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याच्या अनेक गोष्टींपैकी एक, निर्णायक नव्हे.

पण २०२० चा यशिता साहू प्रकरणातला निकालही तुम्ही ऐकला पाहिजे, कारण तिथे न्यायालयाने लहान मुलीला अमेरिकेला परत नेण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात व्हर्जिनिया राज्यातल्या न्यायालयाचा आदेश आधीच झालेला असताना आई मुलीला घेऊन भारतात आली होती. तुमचे तसे नाही. तुम्ही मुलाच्या वडिलांच्या संमतीने, त्यांनीच काढलेल्या तिकिटावर आलात आणि तेव्हा कोणताही आदेश नव्हता. ही तुमची जमेची बाजू आहे. मात्र आता न्यू जर्सीत दावा चालू आहे. तिथे मुलाविषयी आदेश झाला आणि तुम्ही त्याकडे पाठ फिरवून बसलात, तर तुमचे प्रकरण हळूहळू त्या दुसऱ्या प्रकरणासारखे दिसू लागेल. पालकाच्या अधिकारांना बाधा आणण्यासाठी मुलाला परदेशात रोखून ठेवणे हा अमेरिकेत १९९३ पासून केंद्रीय गुन्हाही आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तिथल्या न्यायालयात तुमची बाजू कोणीतरी मांडणे का आवश्यक आहे, ते सांगण्यासाठी लिहितो.

आणि ती बाजू लंगडी मुळीच नाही. ताब्याचा विचार कोणत्या राज्याने करावा याचा न्यू जर्सीसह अमेरिकेतल्या जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारलेला एक समान कायदा आहे. त्याचा मुख्य निकष असा की दावा दाखल होण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने मूल जिथे राहिले, ते त्याचे ‘गृहराज्य’. या कामासाठी परकीय देशालाही राज्यासारखेच मानले जाते. मूल राज्य सोडून गेल्यावर सहा महिन्यांच्या आत दावा झाला आणि एक पालक तिथेच राहत असेल, तर जुने राज्य आपला अधिकार राखते. तुमचा मुलगा जूनमध्ये आला आणि दावा मार्चमध्ये झाला. जून ते डिसेंबर सहा महिने भरतात आणि मार्च त्याच्या बराच पुढे आहे. पतीचे वकील नक्की म्हणतील की हे तात्पुरते वास्तव्य होते, कारण तात्पुरती गैरहजेरी जुन्याच राज्याच्या खात्यात धरली जाते. त्याला उत्तर तुमच्याकडे आहे: विमान कंपनीचा तिकीट रद्द झाल्याचा ई-मेल, त्यावरची तारीख, आणि ‘तूर्त तिकडेच राहा’ हा निरोप. ऑगस्टनंतरचे वास्तव्य सुटीचे नव्हते, ते वडिलांच्याच सांगण्यावरून होते, हे त्यातून दिसते. शाळेचा प्रवेश अर्ज, लसीकरणाची नोंद, बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या हे सगळे त्याच फाइलमध्ये लावा. निरोप ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, बदलू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. इथल्या न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की समन्स आल्यापासून पतीचा नंबर ब्लॉक केला आहे. ताई, तो आजच मोकळा करा. तुम्हाला त्याच्याशी बोलायची गरज नाही. मुलाला बोलू द्या. यशिता साहू निकालात न्यायालयाने आवर्जून म्हटले आहे की मूल ज्या पालकाजवळ नाही त्या पालकाला त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर नियमित बोलता आले पाहिजे. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे दहा वाजतात. रविवारी ती वेळ ठरवा, पतीला एका ओळीत लेखी कळवा आणि पाळा. त्याने कॉल घेतला नाही, तर तीही नोंद राहील. न्यायालयाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, सहा वर्षांच्या मुलाचा बाप असा अचानक गायब होऊ नये असे मला मनापासून वाटते, मग तो तुमचा पती म्हणून कसाही वागला असो.

पोटगीच्या बाबतीत माझा सल्ला तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळा आहे. इथे मागण्या करण्याचे मार्ग सोपे आहेत. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ खाली तुम्ही सध्या राहता तिथल्याच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि बँक खात्याला हात लावू न देणे, खर्चाला पैसे न देणे हा त्या कायद्याने आर्थिक छळ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगी मागता येते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. अडचण पुढे आहे. आदेश इथे झाला आणि पगार तिथे जमा होत असेल, तर तो आदेश न्यू जर्सीत राबवून घेणे लांबलचक आणि बेभरवशाचे काम आहे. याउलट न्यू जर्सीच्या न्यायालयाने मुलाच्या खर्चाचा आदेश दिला तर ती रक्कम थेट त्याच्या पगारातून कापून घेण्याची व्यवस्था तिथे आहे. त्या राज्यात तुम्ही दोघांनी संसार केला, तिथल्या बचतीत आणि मालमत्तेत तुमचा वाटा मागण्याचा हक्कही तिथलाच कायदा तुम्हाला देतो.

इथे तुमची खरी निवड समोर येते. पैशासाठी तिथे मागणी केली म्हणजे तिथले अधिकारक्षेत्र स्वीकारले, असे पुढे म्हटले जाऊ शकते, आणि मग तो घटस्फोट इथे अमान्य ठरवण्याची तुमची बाजू दुबळी होईल. विवाह टिकवायचा असेल तर हा तोटा आहे. परत जायचेच नसेल, तर यात तुम्ही नेमके काय गमावता, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा. उत्तर दिल्याने तुम्ही हरत नाही. मात्र काय राखायचे हे न ठरवता दिलेले उत्तर महागात पडू शकते.

पोलीस फिर्यादीविषयी जपून लिहितो, कारण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते. मारहाण, धमक्या, हुंड्यासाठी छळ झाला असेल तर फिर्याद द्यावी, लगेच द्यावी. २०१९ च्या रूपाली देवी निकालाने स्त्री आसऱ्याला आलेल्या ठिकाणीही ती देता येते. तुमच्या पत्रात मात्र तसे काही नाही. अबोला, टोमणे आणि पैशाची कोंडी आहे. तुमच्या ओळखीच्या वकिलांनी फिर्याद सुचवली ती दबावासाठी. दबावासाठी दिलेल्या फिर्यादीतून काय निष्पन्न होईल ते पाहा: परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, खटला वर्षानुवर्षे चालतो, पासपोर्ट खरोखरच गेला तर त्याचा व्हिसा आणि नोकरी धोक्यात येते, आणि ज्या पगारातून मुलाचा खर्च यायचा तोच आटतो. अटकेच्या भीतीने तो भारतात पाऊल ठेवणार नाही, म्हणजे समोरासमोर बसून तोडगा निघण्याची शक्यताही संपते. तुम्हाला जे संरक्षण आणि जो खर्च हवा आहे तो कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील अर्जाने मिळू शकतो. माझे मत त्याच बाजूला आहे.

मग करावे काय? माझ्या मते पहिले काम इथले आहे. मुलाच्या ताब्यासाठी पालक व पाल्य कायद्याखाली तुमच्या जिल्ह्यातल्या कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात, अर्ज करा. मूल जिथे सामान्यपणे राहते तिथे तो करता येतो. त्यात न्यू जर्सीच्या दाव्याची माहिती दडवू नका, उलट समन्सची प्रत जोडा. दडवलेली गोष्ट नंतर उघड झाली की न्यायालयाचा विश्वास जातो. त्याच आठवड्यात न्यू जर्सीतला कौटुंबिक कायद्याचा वकील गाठा. सुरुवातीला त्याचे काम मर्यादित ठेवा: बजावणीचा आक्षेप, ताब्याबाबत भारत हे गृहराज्य असल्याचा आक्षेप, आणि तुम्हाला व्हिडिओद्वारे हजर राहू देण्याची विनंती. खर्चाची चिंता रास्त आहे. इथल्या कामासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. तिकडच्या कामासाठी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे लेखी मदत मागा, कारण परदेशस्थ पतींनी सोडून दिलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारची कायदेशीर साह्याची योजना दूतावासांमार्फत चालते. न्यू जर्सीतच ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९८५ पासून काम करणारी संस्था आहे, तिच्याकडूनही वाट विचारता येईल. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र कक्ष आहे; तिथेही अर्ज नोंदवून ठेवा.

हे दोन्ही पाय रोवल्यावर वाटाघाटीचे दार उघडा. ऑगस्ट उलटला की तुमच्या विभक्त राहण्याला एक वर्ष होईल आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट मागता येईल. पतीला त्यासाठी प्रत्येक तारखेला भारतात यावे लागेलच असे नाही. व्हिडिओद्वारे हजेरी किंवा कुलमुखत्यारपत्र देऊन काम चालवण्याची परवानगी न्यायालये देतात. सहा महिन्यांची प्रतीक्षाही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. संमतीच्या अटींत मुलाचा ताबा, सुट्यांतल्या भेटी, दरमहाचा खर्च, एकरकमी पोटगी, स्त्रीधनाची परतफेड असे सगळे शब्दशः लिहा आणि तोच मजकूर न्यू जर्सीच्या न्यायालयाच्या आदेशातही आणायला लावा. म्हणजे इथला घटस्फोट तिथे आणि तिथला खर्चाचा आदेश इथे कोणाला नाकारता येणार नाही. तुम्ही सध्या जिला ‘सुटका’ म्हणता ती पतीला हवी आहे आणि ती निर्विवादपणे देणे फक्त तुमच्या हातात आहे. वाटाघाटीत तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. ती रोखून धरून झिजवू नका. तिची पूर्ण किंमत वसूल करा.

अशाच परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी थोडेसे. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली इथे थेट अंमलबजावणीला लावता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. दुबईतल्या जोडप्यांना अमेरिकेचे नियम लावून सल्ला देणारे लोक यामुळे फसतात. गोव्यात तिथल्या नागरी कायद्याखाली विवाहाची नोंद झालेल्यांनी, तसेच विशेष विवाह कायद्याने लग्न केलेल्यांनी, वरचे सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू आहे असे समजू नये. आणि ज्यांच्या मुलीचे लग्न परदेशातल्या मुलाशी ठरत आहे त्यांनी त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि नोकरीच्या पत्राची प्रत मागून घ्यावी, लग्नाची नोंदणी तिकिटे काढण्याआधी करावी आणि मुलीच्या नावावर स्वतंत्र बँक खाते राहील हे पाहावे. परदेशस्थ भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये या विषयावर अहवाल दिला आहे. तो कायदा होईपर्यंत ही काळजी घरच्यांनाच घ्यावी लागणार.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि म्हणून मला तिची अधिक चिंता वाटते. तुमचा मुलगा अमेरिकी पासपोर्टवर इथे राहतो आहे. तो कोणत्या व्हिसावर आला आणि त्याची मुदत कधी संपते, हे आज संध्याकाळीच काढून पाहा. लहान मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि सोळा वर्षांखालील मुलाच्या नव्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते. ओसीआय कार्डाच्या, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, अर्जावरही दोघांच्या सह्या मागितल्या जातात. व्हिसाची मुदत संपून मूल इथे बेकायदा राहते आहे असे झाले, तर ताब्याच्या अर्जात पतीचे वकील पहिले बोट तिथेच ठेवतील. मुदत जवळ आली असेल तर ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, ऑनलाइन व्यवस्थेतून वाढीसाठी लगेच अर्ज करा, त्याला ताब्याच्या अर्जाची प्रत जोडा, आणि पतीची संमती मिळत नसेल तर तिच्याशिवाय पुढे जाण्याची परवानगी त्याच ताब्याच्या अर्जात न्यायालयाकडे मागा.